इतर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
अकरा वर्षं मी पगारपत्रक लिहितो.
मधे एक आडवी रेघ असते, पट्टीनं मारलेली.
पहिल्यांदा कुणी मारली, कुणालाच आठवत नाही.
दर महिन्याला मी ती पुन्हा मारतो.

रेघेच्या वर मागवाले, जॉबर, रंगारी,
गठ्ठे उचलणारा हेल्पर इरण्णा. रोज सहाशे वीस.
रेघेच्या खाली कांडीवाल्या, शिलाईवाल्या,
तपासणीच्या टेबलावरच्या बायका. रोज चारशे दहा.
"काम वेगळं, म्हणून पगार वेगळा," शेटजी म्हणतात,
आणि ते खोटं नाही.
समान कामाला समान दाम, कायद्यात आहेच.
पण समान काम इथं देतंय कोण?

श्रावणात पुण्याहून एक साहेब आला,
परदेशी गिऱ्हाइकानं पाठवलेला.
त्याच्याकडं एक तक्ता होता:
अंगमेहनत, कौशल्य, जबाबदारी, धोका.
प्रत्येकाला दहापैकी गुण,
आणि अगदी शेवटी, बोटभर, एक रकाना: इतर.

इरण्णाला अंगमेहनतीचे नऊ.
चाळीस किलोचा गठ्ठा, दिवसातून वीस वेळा.
राजमणी चिलकाला दोन,
कारण ती उभी असते, आणि टॉवेल मऊ असतो.

राजमणीनं हातातला टॉवेल पालथा केला, घडी घातली,
पुढचा घेतला. मान वर न करता मला म्हणाली,
"अंबादास, तू हिशेबाचा माणूस.
अर्ध्या किलोचे सोळाशे किती होतात?"
मी म्हणालो, आठशे.
"आणि चाळीसचे वीस?"

पलीकडं माग खडखडत होते, म्हणून
मला तो आकडा ओरडून सांगावा लागला.

इरण्णा आधी हसला.
मग स्वतःच्या खांद्याकडं बघत म्हणाला,
"आयला, माझं न् मावशीचं सारखंच की!"
साहेबानं दोन खोडून काहीतरी लिहिलं.
काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

जबाबदारीत वॉचमनला सात, त्याच्याकडं किल्ल्या आहेत.
तिला तीन.
एक निसटलेला धागा तिच्या नजरेतून सुटला
तर अख्खा कंटेनर समुद्रावरून परत येतो,
आणि तेव्हा मात्र सगळ्यांना तिचं नाव आठवतं.

मला माझी अम्मा आठवली.
मांडीवर सूप, सुपात पान-तंबाखू,
पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार.
कारखान्यातला माणूस मूठ-मूठ छाट काढायचा,
मी तिच्या बाजूनं मोजायचो. पाच वर्षांचा होतो.
घरी आल्यावर आजी चुलीपासून विचारायची, "एंता?"
किती मिळाले?
मोजायला मला त्या सुपानं शिकवलं.
मोजण्याचा पगार मला मिळतो.
सूप अजून माळ्यावर आहे, अम्माची बोटं वाकडी झालीत.

साहेब गेला. अहवाल आला नाही.
शेटजी म्हणाले, दिवाळीनंतर बघू.
इतर हा रकाना, मी स्वतः पाहिलं,
सगळ्या कागदांवर कोरा होता.

या महिन्यात मी पट्टी ड्रॉवरमध्येच ठेवली.
नावं अक्षराप्रमाणे लिहिली,
अ पासून सुरू, जशी येतील तशी.
इरण्णाच्या वर अंबूबाई आली,
यल्लप्पाच्या खाली राजमणी.
सहाशे वीस.
चारशे दहा.
आकडा एकही बदलला नाही, तो माझ्या हातात नाही.

शेटजी सही करायला बसले.
एरवी पान उलटायला त्यांना दोन मिनिटं लागतात.
परवा त्यांचं बोट य वरून र वर आलं
आणि तिथंच थांबलं.
मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि विचारलं,
"अंबादास, रेघ कुठं गेली?"